भुताशी सात डाव: एकट्याने पूल खेळताना आपली पातळी कशी मोजावी

दुपारी तीनला पूल पार्लर रिकामं असतं. मार्कर, म्हणजे पार्लर सांभाळणारा, कोपऱ्यातल्या टेबलाचं कापड ब्रशने झाडत असतो, नाहीतर मोबाइलमध्ये डोकं घालून बसलेला असतो. अशा वेळी तासाभरासाठी टेबल घ्यायचं, पंधरा बॉल पसरायचे आणि मारत सुटायचं, हा माझा दोन वर्षांचा ‘सराव’. घरी जाताना वाटायचं, आज हात काय बसला होता! आणि शनिवारी मित्रांबरोबर खेळलो की पुन्हा तीच हार.

याचं कारण कळायला वेळ लागला. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बारीक कट मारून, म्हणजे कडेला निसटता मारून, टाकलेला बॉल आठवडाभर आठवतो. हातभर अंतरावरचा सरळ बॉल हुकला, तर क्यूला, म्हणजे मारायच्या काठीला, चॉक लावेपर्यंत आपण तो विसरलेले असतो. एकट्याने खेळताना चूक दाखवायला समोर कुणी नसतं. ते काम आकड्यावर सोपवावं लागतं, आणि आकडा मिळायचा तर खेळाला नियम आणि शेवट हवा.

आधी थोडी तयारी

एक वही, एक पेन आणि स्टेशनरीच्या दुकानात मिळणारे छोटे कागदी गोल, फाइलीतल्या कागदाच्या भोकाभोवती चिकटवतात ते. बॉल दर वेळी नेमका त्याच जागी ठेवायला हे गोल लागतात. कापडाला ते हलकेच चिकटवायचे, आणि त्याआधी मार्करला विचारायचं. मी विचारलं नव्हतं. तो पलीकडून धावत आला आणि गोल अलगद काढून दाखवेपर्यंत माझ्या डोक्यावर उभा राहिला.

वहीत तारखेशेजारी टेबल कोणतं तेही लिहा. स्पर्धांचं टेबल नऊ फुटी असतं, खेळायची जागा १०० इंच बाय ५० इंच. पार्लरमध्ये सात-आठ फुटीही भेटतात. पॉकेटचं, म्हणजे बॉल पडायच्या भोकाचं, तोंड अर्ध्या इंचाने रुंद असलं तरी गुण फुगतात, म्हणून एका टेबलावरचा आकडा दुसऱ्याशी ताडून पाहू नका.

पहिली दहा मिनिटं: सरळ बॉल किती विती लांबून?

कोपऱ्यातल्या पॉकेटकडे जाणाऱ्या तिरक्या रेषेवर, पॉकेटपासून दोन विती अंतरावर एक बॉल ठेवा. पांढरा, म्हणजे क्यूने मारायचा बॉल, त्याच रेषेत, त्या बॉलच्या मागे दोन विती. आता बॉल टाकायचा आणि पांढरा आदळल्या जागीच थांबवायचा. इकडेतिकडे वीतभर सरकला तर चालेल, त्यापुढे गेला तर शॉट बाद. जमलं की पुढच्या शॉटला पांढरा एक वीत मागे. चुकलं की एक वीत पुढे. असे दहा शॉट. दहाव्यानंतर पांढरा जिथे ठेवायची वेळ येईल तेवढ्या विती वहीत लिहा.

या खेळाची गंमत अशी की तो आपोआप तुमच्या हद्दीवर येऊन थांबतो. जिथून दोनातला एक बॉल जातो, त्या अंतराच्या आसपास पांढरा मागेपुढे करत राहतो. शिवाय एका शॉटमध्ये दोन परीक्षा होतात, निशाण्याची आणि फटक्याची. पांढरा समोरच्या बॉलवर सरळ आदळताना फिरत नसेल, नुसता घसरत असेल, तर त्याची जवळजवळ सगळी गती पुढच्या बॉलला मिळते आणि तो जागीच उभा राहतो. अंतर वाढलं की कापडाच्या घर्षणाने तो वाटेतच पुढे फिरायला लागतो. मग क्यू आणखी खाली लावावा लागतो, नाहीतर जोर वाढवावा लागतो. माझा आकडा कित्येक महिने चार वितींवर अडकला होता. निशाणा ठीक होता. खाली मारताना क्यूचं मागचं टोक वर उचललं जात होतं.

बोलियर्ड्स: सगळ्यात प्रामाणिक खेळ

एकच खेळ निवडायचा झाला तर मी हा निवडीन. नावावरूनच कळतं, पूलच्या टेबलावर बोलिंगचे गुण. दहा बॉल, दहा फ्रेम, जास्तीत जास्त ३०० गुण.

दहा बॉलचा त्रिकोण लावा आणि ब्रेक, म्हणजे तो फोडणारा पहिला फटका, मारा. हा ब्रेक फुकटचा. त्यात पडलेले बॉल परत टेबलावर ठेवायचे. मग पांढरा, जिथून ब्रेक मारला त्या रेषेमागे हवा तिथे ठेवून पहिली पाळी सुरू करा. कोणताही बॉल कोणत्याही पॉकेटमध्ये टाकता येतो, पण आधी मनात ठरवून. चुकून दुसरीकडे गेलेला धरायचा नाही. (इथे फसवायला खूप वाव आहे, म्हणून मी पॉकेटचं नाव मोठ्याने घेतो. मार्करला आता सवय झाली आहे.) बॉल हुकला की पहिली पाळी संपली. टेबल आहे तसं ठेवून लगेच दुसरी पाळी. तीही हुकली की फ्रेम संपली. पांढरा पॉकेटमध्ये गेला तर पाळी संपते, त्या शॉटवर पडलेला बॉल परत येतो आणि पांढरा पुन्हा रेषेमागून.

गुण असे: दोन्ही पाळ्या मिळून पडतील तेवढे. दोन पाळ्यांत दहाच्या दहा गेले तर तो स्पेअर, दहा अधिक पुढच्या एका पाळीचे गुण. पहिल्याच पाळीत दहा गेले तर स्ट्राइक, दहा अधिक पुढच्या दोन पाळ्यांचे गुण. दहाव्या फ्रेममध्ये स्पेअर झाला तर एक आणि स्ट्राइक झाला तर दोन पाळ्या जास्तीच्या मिळतात.

माझ्या वहीतलं एक पान बघा. पहिली फ्रेम: ४ आणि ३, एकूण ७. दुसरीत पहिल्या पाळीत सहा गेले. सातव्याला निशाणा बरोबर होता, पण आधीच्या शॉटनंतर पांढरा बाजूच्या रेलला, म्हणजे टेबलाच्या काठाला, चिकटला होता, क्यू नीट टेकवताच येईना आणि बॉल पॉकेटच्या कोपऱ्यावर आपटून बाहेर आला. दुसऱ्या पाळीत उरलेले चारही गेले, स्पेअर. तिसऱ्या फ्रेमच्या पहिल्या पाळीत ५, म्हणजे दुसऱ्या फ्रेमचे १५ आणि बेरीज २२. पुढे २, तिसऱ्याचे ७, बेरीज २९.

यात कळीचा आहे तो सहावा बॉल. तो गेला म्हणून खूश व्हायचं की त्याने पांढरा रेलला चिकटवला म्हणून हळहळायचं? नुसतं मारत सुटलो असतो तर मी खूशच झालो असतो.

माझा पहिला पूर्ण डाव ४८ चा होता. तीन महिन्यांनी नव्वदीच्या घरात आलो. पण एका डावावर जाऊ नका. लागोपाठ दोन स्ट्राइक पडले की गुण एकदम उसळतात आणि दुसऱ्या दिवशी आपटतात. पाच डावांची सरासरी काढा आणि तीच लक्षात ठेवा. पूर्ण डावाला मला पाऊण तास लागतो.

भुताशी खेळ

प्रतिस्पर्धी एक भूत आहे आणि ते कधीच चुकत नाही. तुम्ही सगळे बॉल न चुकता टाकले तर डाव तुमचा. एक जरी हुकला तरी डाव भुताचा, कारण उरलेले ते टाकणारच. आधी सात डाव जिंकेल तो विजयी. (नेम धरताना मनात जो ‘घोस्ट बॉल’ कल्पतात तो वेगळा, त्याचं या भुताशी काही नातं नाही.)

लोक थेट नऊ बॉलच्या भुताशी भिडतात, सात-शून्यने हरतात आणि खेळ सोडून देतात. तीनपासून सुरू करा. १, २, ३ क्रमांकाचे बॉल हाताने लोटून पसरा, सोयीने मांडू नका. पांढरा हवा तिथे ठेवा आणि आकड्यांच्या क्रमाने टाका. क्रम महत्त्वाचा, कारण सोपा बॉल आधी उचलायची पळवाट त्याने बंद होते. तीनच्या भुताला लागोपाठ दोनदा हरवलंत की चार, मग पाच. नऊवर पोहोचलात की ब्रेकने सुरुवात. ब्रेकमध्ये पडलेले पडलेले राहतात, मग पांढरा हवा तिथे ठेवून सर्वांत लहान आकड्यापासून पुढे. पांढरा पॉकेटमध्ये गेला की डाव भुताचा. चारच्या भुताशी सहा-सहा झालेलं असताना माझा शेवटचा बॉल गेला आणि पाठोपाठ पांढराही गेला. त्या भुताला हरवायला आणखी तीन आठवडे लागले.

तीन बॉल दिसायला किरकोळ, पण पोझिशनचं, म्हणजे पुढच्या शॉटसाठी पांढरा योग्य जागी आणण्याचं, सगळं शिक्षण त्यातच आहे. विचार उलटा करायचा: तिसरा टाकायला पांढरा कुठे हवा? तिथे न्यायचा तर दुसऱ्याला कोणत्या बाजूने भिडायला हवं? आणि मग पहिला शॉट. दोन गोष्टी उपयोगी पडतात. कट शॉटमध्ये पांढरा न फिरता, घसरत आदळला तर तो बॉलच्या वाटेशी काटकोनात निघतो. नैसर्गिकपणे पुढे फिरत जाऊन साधारण अर्ध्या बॉलवर आदळला तर आपल्या मूळ दिशेपासून ३० अंशांच्या आसपास वळतो. आणि अगदी सरळ रेषेतला शॉट मिळाला म्हणून हुरळून जाऊ नका. सरळ शॉटवरून पांढरा फक्त पुढे जातो, मागे येतो किंवा थांबतो. बाजूला न्यायला थोडा तरी कोन लागतो.

सलग किती?

कंटाळा आला की पंधरा बॉल पसरा, मन मानेल त्या क्रमाने टाका आणि न चुकता किती गेले ते लिहा. पंधराही गेले तर अभिनंदन! स्ट्रेट पूल या प्रकारात शेवटचा एक बॉल टेबलावर ठेवून उरलेले चौदा पुन्हा त्रिकोणात रचतात आणि मोजणी पुढे चालू राहते. अमेरिकेच्या विली मॉस्कोनीने १९५४ साली ओहायोतल्या स्प्रिंगफील्डमध्ये असे सलग ५२६ टाकले होते. तो आकडा जॉन श्मिटने २०१९ मध्ये ६२६ करून मागे टाकला. आपल्याकडे बिलियर्ड्समध्ये मुंबईच्या मायकेल फरेरांनी १९७८ साली एका ब्रेकमध्ये (तिथे ब्रेक म्हणजे एक सलग पाळी) हजार गुणांचा टप्पा ओलांडला. माझा सलग आकडा ११ आहे, आणि तो मी कुणी विचारल्याशिवाय सांगत नाही.

वहीत काय लिहायचं

गुणांपेक्षा हुकलेला प्रत्येक बॉल महत्त्वाचा. त्यापुढे एकच अक्षर लिहा. ‘नि’ म्हणजे शॉट सोपा होता, निशाणा चुकला. ‘जा’ म्हणजे पांढरा वाईट जागी आला, त्यामुळे शॉटच अवघड झाला. ‘घा’ म्हणजे घाई, नीट वाकण्याआधीच मारला. चौथं अक्षर घालू नका. टेबलावर निबंध लिहायला वेळ नसतो.

महिन्याभरात माझे चाळीस बॉल हुकले, त्यांतले तेवीस ‘जा’. दोन वर्षं मी निशाण्यावर घाम गाळत होतो आणि दुखणं होतं पांढऱ्याच्या जागेत. तेव्हापासून तासाची वाटणी बदलली: दहा मिनिटं विती, मग एक दिवस बोलियर्ड्स, एक दिवस भूत. तुमच्या वहीत ‘नि’ जास्त निघाले तर भुताचा वेळ कापून वितींना द्या. ‘घा’ जास्त निघाले तर प्रत्येक शॉटआधी टेबलाभोवती एक फेरी मारा, वेळेचे पैसे गेले तरी.

या आकड्यांचा एक जोडधंदाही आहे. माझा साडू चारच्या भुताला हरवतो, मी पाचच्या. नऊ-बॉलमध्ये नऊ क्रमांकाचा बॉल टाकेल तो जिंकतो, पण आता आम्ही खेळतो तेव्हा साडूने आठ टाकला तरी तो जिंकला असं धरतो. पूर्वी डाव दहा मिनिटांत आटपायचे आणि चहाचे पैसे तो द्यायचा. गेल्या रविवारी सात-सात झालं, शेवटचा आठ त्याने कोपऱ्यात टाकला आणि क्यू स्टँडला लावत म्हणाला, “भाऊजी, दोन कटिंग सांगा.”