नॉर्थंबरलंडची तयारी: आधी भरतीची वेळ, मग बाकी सगळं

नॉर्थंबरलंड म्हणजे इंग्लंडचं उत्तर टोक, स्कॉटलंडला लागून. गावं लहान, किल्ले भरपूर, किनारा लांबलचक. उन्हाळ्याच्या सुट्टीत तिकडे जाणाऱ्यांसाठी ही तयारी लिहून ठेवतो आहे. व्हिसा, विमा, प्लगचा अडॅप्टर हे तुम्हाला ठाऊक आहे, ते सोडून देतो.

पहिलं काम, आणि तिकिटं काढायच्याही आधीचं: होली आयलंडच्या सुरक्षित वेळा काढा. या बेटाचं जुनं नाव लिंडिसफार्न. मुख्य भूमीवरून तिथे जाणारा रस्ता दिवसातून दोनदा समुद्राखाली जातो. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात ओहोटीला चालत जातात, तसाच प्रकार, पण इथे गाडीचा डांबरी रस्ता आहे आणि तो कोरडा दिसला की माणूस निर्धास्त होतो. होऊ नका. नॉर्थंबरलंडची काउंटी कौन्सिल रोजच्या वेळा प्रसिद्ध करते, अमुक वाजल्यापासून तमुक वाजेपर्यंत. तुमच्या मुक्कामातल्या प्रत्येक दिवसाच्या वेळा वहीत उतरवा. प्रत्येक दिवसाच्या, कारण भरती रोज साधारण पाऊण तास पुढे सरकते आणि कालची वेळ आज चालत नाही. मागच्या खेपेला नेमकं हेच राहून गेलं आणि बेटाचा अख्खा दिवस अलीकडच्या काठावर गेला. समोर रस्ता पाण्यात उतरताना दिसत होता, पुढे फक्त खांबांची रांग, आणि शेजारी बुडालेल्या गाडीचा फोटो लावलेला इशाऱ्याचा फलक.

कोकणातल्या मंडळींना एक सांगणं आहे. तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढायचा आपला हिशेब तिथे लावू नका, तो आपल्या किनाऱ्याचा आहे. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं एवढं मात्र तिथेही खरं. वारा जोराचा असेल तर पाणी वेळेआधीही चढतं, म्हणून दिलेल्या वेळेच्या शेवटच्या मिनिटाला रस्त्यावर उतरायचं नाही. वाटेतल्या पुलाजवळ अडकलेल्यांसाठी उंच खांबांवर एक खोपटं बांधलंय. दरवर्षी कुणी ना कुणी त्यात चढून बसतं, गाडी पाण्यात जाते आणि सुटकेला लाइफबोट बोलवावी लागते.

वेळा हातात आल्या की ठरवा: ओहोटीत जाऊन पाणी चढायच्या आत परतायचं, की भरती बेटावरच काढायची. दुसरं मला जास्त आवडतं. दिवसभराचे पाहुणे निघून गेले की बेट मोकळं होतं. इसवी सन 635 मध्ये एडन नावाच्या संन्याशाने इथे मठ स्थापला, 793 मध्ये व्हायकिंगांनी तो लुटला. आज दिसतात ते नंतरच्या मठाचे लाल दगडी अवशेष. इथलं बायबलच्या शुभवर्तमानांचं प्रसिद्ध सचित्र हस्तलिखित लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे, ते पाहायचं असेल तर लंडनचा दिवस धरा. टेकडीवरच्या किल्ल्याचं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला राहतं घर केलं ते एडविन लुटियन्सने, ज्याने पुढे नवी दिल्ली आखली. किल्ला आणि मठ उघडण्याच्या वेळाही तपासा, आणि तपासून झालं की पुन्हा त्या भरतीच्या कागदाशी ताडून पाहा.

होय, कागद. वेळा छापून न्या. आतल्या भागात आणि डोंगरात मोबाइलला रेंज नसते. नुसता फोनवर विसंबलात तर ऐन वेळी पान उघडत नाही.

आता पक्षी. सीहाउसेस बंदरातून फार्न बेटांना बोटी जातात. पफिन पाहायचे असतील तर साधारण एप्रिलअखेर ते जुलै. ऑगस्टमध्ये गेलात तर पफिन समुद्रावर निघून गेलेले असतात. बोट आधी आरक्षित करा आणि पुढचा एक दिवस मोकळा ठेवा, कारण लाटा असल्या की फेरी रद्द होते. बेटावर उतरण्याचे पैसे बोटीच्या तिकिटाहून वेगळे असतात. सगळ्यांनी जाड टोपी घाला. आर्क्टिक टर्न घरट्याजवळून जाणाऱ्याच्या डोक्यावर चोच मारतात, रक्त येईपर्यंत. लहान मुलं घाबरतात, त्यांना आधी सांगून ठेवा.

रोमन सम्राट हेड्रियनची भिंत इसवी सन 122 मध्ये बांधायला घेतली, लांबी 73 मैल. सगळी चालायचा हट्ट नको. स्टील रिग ते हाउसस्टेड्स हा साधारण पाच किलोमीटरचा तुकडा घ्या, सगळ्यात देखणा तोच. चढउतार आहेत आणि दगड ओले असतात, म्हणून बूट चांगले हवेत. छत्री वाऱ्यात उलटी होते, रेनकोटच न्या. वाटेतलं ते प्रसिद्ध सायकॅमोरचं झाड सप्टेंबर 2023 मध्ये कुणीतरी रात्रीत तोडलं. आता बुंधा आहे, फोटोंवर जाऊ नका. विंडोलांडा या भिंतीजवळच्या रोमन छावणीच्या अवशेषांना मात्र अर्धा दिवस द्या. ओल्या मातीत टिकलेल्या लाकडाच्या पातळ पट्ट्यांवर रोमन माणसांची पत्रं सापडली ती इथे. त्यात एका अधिकाऱ्याच्या बायकोने मैत्रिणीला पाठवलेलं वाढदिवसाचं आमंत्रण आहे, सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीचं. मजकूर लेखनिकाने लिहिलाय आणि शेवटच्या ओळी तिच्या स्वतःच्या अक्षरात आहेत. मूळ पट्टी ब्रिटिश म्युझियममध्ये असली तरी ती सापडली त्या जागी उभं राहणं वेगळं.

गाडी घ्याच. भारताचा वैध परवाना तिथे पाहुण्याला बारा महिने चालतो, गाडी डावीकडूनच चालते. ऑटोमॅटिक हवी असेल तर आधी सांगा. गावाकडचे रस्ते एका गाडीपुरते, समोरून कुणी आलं तर रुंद केलेल्या जागेत थांबून वाट द्यायची. गाडी नको असेल तर लंडनच्या किंग्स क्रॉसवरून आल्नमथ किंवा बेरिकपर्यंत रेल्वे, पुढे बस. पण बसची वेळ आणि भरतीची वेळ जुळतेय का ते बघा.

खाणं. गावातले पब स्वयंपाकघर लवकर बंद करतात, रविवारी तर फारच लवकर. स्वयंपाकघर असलेलं घर भाड्याने घ्या. मेतकूट, चटण्या, भाजणी खुशाल न्या. तूप, पेढे, खव्याचं काहीही नको, भारतातून दुग्धजन्य पदार्थ न्यायला तिथे बंदी आहे. ताजा कढीपत्ताही नको.

बाकीचं थोडक्यात. क्रॅगसाइड पाहा, जलविजेवर दिवा लागलेलं जगातलं पहिलं घर, 1878. ॲनिकचा किल्ला आणि शेजारची विषारी झाडांची बाग मुलांना आवडते. बॅम्बराला किल्ला आणि किनारा दोन्ही. क्रॅस्टरहून डन्स्टनबराला चालत जा, मासे खाणाऱ्यांनी क्रॅस्टरला किपर (धुरावलेला हेरिंग मासा) घ्या. किल्डरला तारे बघायचे असतील तर जून-जुलै सोडा, रात्र पुरती अंधारतच नाही, शिवाय चिलटं. मठ इंग्लिश हेरिटेजकडे, बेटावरचा किल्ला नॅशनल ट्रस्टकडे, म्हणून एक पास दोन्हीकडे चालेल असं धरू नका.

परतीचं तिकीट काढताना शेवटचा दिवस बेटाचा ठेवू नका, पाणी चढलं तर परतीची गाडी चुकेल. भाड्याची गाडी परत द्यायची जागा रविवारी उघडी असते का ते आधी विचारा.