शाळेच्या चॅपलनसाहेबांचा स्मृतिलेख लिहिताना

मिशनच्या एखाद्या जुन्या शाळेत वर्षानुवर्षे चॅपलन, म्हणजे शाळेचे धर्मोपदेशक, राहिलेले पाळक प्रभूमध्ये विसावले की पहिल्या दोन-तीन दिवसांतच कोणीतरी माजी विद्यार्थ्याला फोन करून सांगते, "तू लिहितोस ना, मग स्मरणसभेसाठी सरांचा जीवनपरिचय तूच तयार कर." मला असे फोन आतापर्यंत चार वेळा आले. पहिल्या खेपेस मी केलेल्या चुका पुढच्या माणसाने करू नयेत, एवढ्यासाठी हे लिहीत आहे.

या लेखातील मुख्य अडचण लिहायला बसण्यापूर्वीच ओळखलेली बरी. शाळेच्या चॅपलनवर हजारभर मुलांचा हक्क असतो आणि ती मुले बोलकी असतात. घरच्या चार-पाच माणसांचा हक्क त्याहून जुना असतो, पण त्या दिवसांत ती माणसे गप्प असतात. परिणामी लेख शाळेच्या आठवणींनी भरतो आणि शेवटी "ते एक आदर्श पती व प्रेमळ पिता होते" असे एक वाक्य घराच्या वाट्याला येते. म्हणून माझा आग्रह असा की, साहित्य गोळा करण्याची सुरुवात घरापासून करावी आणि शाळेकडे नंतर वळावे. दोन्हीकडचा मजकूर हाती आला म्हणजे तो शेजारीशेजारी ठेवून पाहावा, कारण माणूस बहुतेक वेळा त्या दोहोंच्या मधल्या जागेत सापडतो.

घरी जाताना प्रश्नांची यादी घेऊन जाऊ नये. दफनविधीनंतर आठवडाभराने, पाहुण्यांची वर्दळ ओसरल्यावर, आधी विचारून जावे आणि वस्तूंबद्दल बोलावे. सरांचे बायबल, छत्री, चष्म्याचे घर, सायकल यांविषयी विचारले की माणसे आपोआप बोलू लागतात. एका घरी मी सहज विचारले की, गळ्याभोवतीची ती पांढरी कॉलर कोण धूत असे. मुलगी आत गेली आणि टिनाचा एक डबा घेऊन आली. त्यात पांढऱ्या प्लास्टिकच्या सात-आठ पट्ट्या होत्या. कॉलरची मूळ पट्टी हरवली की सर रिकाम्या डब्याचे प्लास्टिक कात्रीने कापून नवी पट्टी करीत, आणि एका पट्टीच्या आतल्या बाजूस डब्यावरच्या छापाची निळी रेघ अजून दिसत होती. चॅपलच्या वेदीपाशी उभ्या असलेल्या ज्या गंभीर माणसाला आम्ही दहा वर्षे पाहिले, त्याच्या गळ्याशी ही निळी रेघ होती, हे आमच्यापैकी कोणालाच ठाऊक नव्हते. असा एक तपशील मिळाला की साधेपणाविषयी वेगळा परिच्छेद लिहावा लागत नाही.

घरच्यांना वेळेबद्दलही अवश्य विचारावे. मंडळीच्या, म्हणजे गावातल्या चर्चच्या, पाळकाला रविवारची धावपळ संपल्यावर निदान सोमवारी थोडी उसंत मिळू शकते. शाळेच्या चॅपलनला रविवारी वसतिगृहाच्या मुलांची उपासना आणि सोमवारी सकाळी पुन्हा शाळेची प्रार्थना असते. मग घरासाठी कोणता वेळ उरत होता? एका मुलाने सांगितले, "शनिवारची दुपार आमची." त्या दुपारी वडील स्वयंपाकघरात बसून लसूण सोलत आणि उद्याचा उपदेश आईला तोंडी सांगत, आई मध्येच "हे फार लांबलं" म्हणाली की तेवढा भाग गळत असे. शाळेत सरांचे उपदेश आटोपशीर म्हणून नावाजलेले होते, त्याचे कारण या स्वयंपाकघरात होते.

स्तुती आपण होऊन करू नये. ती घरच्यांना करू द्यावी, म्हणजे ती नेमकी होते. "देवमाणूस" हा शब्द मी एकदा एका बाईंसमोर वापरला, तेव्हा त्या हसून म्हणाल्या, "होते खरे, पण दळण आणायला सांगितलं की रिकाम्या हातानं यायचे. वाटेत कोणीतरी भेटायचं ना." हे वाक्य मी त्यांच्या परवानगीने जसेच्या तसे घेतले. धर्मोपदेशकाच्या घरातून लिहिलेले मराठीतील सर्वांत मोठे स्मरण, म्हणजे लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे', आजही ताजे वाटते याचे एक कारण हेच आहे की रेव्हरंड टिळकांचा विसरभोळेपणा, त्यांचा राग आणि हातचे देऊन टाकण्याची त्यांची सवय लक्ष्मीबाईंनी झाकली नाही.

शाळेकडे वळल्यावर माजी विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप गटावर "सरांविषयी दोन शब्द लिहा" असे कधीही टाकू नये. चाळीस जण "खूप प्रेमळ होते" असे लिहून हात जोडल्याची चित्रे पाठवतात आणि त्यातून हाती काही लागत नाही. प्रश्न अरुंद असावा. सर तुमच्यावर रागावले तो प्रसंग कोणता, त्यांनी शिकवलेले कोणते गीत अजून पाठ आहे, शाळा सोडल्यावर ते तुम्हाला कोठे भेटले, असे विचारले की उत्तरे थोडी येतात, पण ती उपयोगी असतात.

येथे एक भान ठेवावे लागते. अशा शाळांतील बहुतेक मुले ख्रिस्ती नसतात, आणि राज्यघटनेच्या अनुच्छेद २८ नुसार सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत कोणावरही, अल्पवयीन मुलाच्या बाबतीत पालकांच्या संमतीवाचून, धर्मशिक्षणाची वा उपासनेची सक्ती करता येत नाही. म्हणून "सारी शाळा त्यांच्यासोबत प्रार्थनेत लीन होत असे" यासारखी वाक्ये टाळावीत. नीतिशिक्षणाच्या तासाला ते काय शिकवीत आणि ख्रिस्ती नसलेल्या मुलांशी कसे वागत, हे प्रसंगातून सांगावे.

चॅपलनकडे मुले मन मोकळे करतात, आणि ज्या गोष्टी त्यांनी आयुष्यभर पोटात ठेवल्या त्या त्यांच्या पश्चात आपण छापणे योग्य नाही. माझ्या पहिल्या लेखात मी असाच एक प्रसंग, नाव न घेता, लिहिला होता: वसतिगृहातून पळून गेलेला मुलगा, एस.टी. स्टँड, रात्री दोन वाजता त्याला शोधत आलेले सर. नाव नसले तरी त्या वर्षीच्या सगळ्यांनी त्याला ओळखले. तो सभेला आलेला होता आणि चहा न घेताच निघून गेला. तेव्हापासून असा प्रसंग ज्याचा आहे, त्याला मजकूर दाखवल्यावाचून मी तो घेत नाही.

सनावळीच्या बाबतीत आठवणीवर विसंबू नये. बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांच्या नोंदवह्या मंडळीत असतात. विवाहाची नोंद १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्यानुसार ठेवावी लागत असल्याने ती तारीख सहसा पक्की मिळते. डीकन (पाळकपदाची पहिली पायरी) म्हणून झालेली दीक्षा आणि प्रेस्बिटर (पूर्ण पाळक) म्हणून झालेली दीक्षा या दोन वेगळ्या तारखा आहेत, त्यांची सरमिसळ होऊ देऊ नये. वेगवेगळी प्रोटेस्टंट चर्चे एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे झाली. त्यापूर्वी दीक्षा झालेल्या पाळकांची दीक्षा ज्या मूळ चर्चमध्ये झाली, त्याचेच नाव लिहावे.

शब्दांबाबत छपाईवाल्याकडे बारीक लक्ष द्यावे लागते, कारण सवयीने तो नावाआधी "कै." लावतो. कैलासवासी ही कल्पना शिवभक्तांची आहे. ख्रिस्ती पाळकांच्या नावाआधी "दिवंगत" शोभते, आणि वार्षिक आठवणीला "पुण्यतिथी"ऐवजी "स्मृतिदिन" म्हणावे. वृत्तपत्रात निवेदन देताना "फादर" असे जाऊ देऊ नये, तेथे "रेव्हरंड" हवे. कॅथलिक धर्मगुरू अविवाहित असतात हे वाचकांना माहीत असते, आणि पुढच्याच ओळीत "त्यांच्या पश्चात पत्नी, दोन मुली, जावई" असे आले की ते गोंधळतात.

सभेत वाचायचा मजकूर सहाशे-सातशे शब्दांपलीकडे नेऊ नये. गीत, शास्त्रपाठ, उपदेश आणि प्रार्थना यांच्यामध्ये त्याला सहा-सात मिनिटे मिळतात, आणि उरलेले साहित्य स्मरणिकेसाठी राखता येते. शास्त्रवचन निवडताना तेविसावे स्तोत्र डोळे मिटून घेण्यापेक्षा सरांच्या बायबलमधील खुणा पाहाव्यात. एका बायबलात स्तोत्र १२१ च्या समासात पेन्सिलने पाच तारखा होत्या. पत्नीने सांगितले की मुले परगावी शिकायला किंवा नोकरीला निघाली, त्या त्या सकाळी हे स्तोत्र घरात वाचले गेले होते. सभेत त्याच मुलांपैकी एकीने ते वाचले.

मजकूर पक्का झाल्यावर तो सर्वांत आधी पत्नीला, त्यांच्याच घरी, मोठ्याने वाचून दाखवावा. त्या जेथे थांबवतील तेथे वाद न घालता खोडावे. घरून घेतलेली छायाचित्रे परत करताना प्रत्येकाच्या मागे डावीकडून उजवीकडे सर्वांची नावे आणि कळल्यास वर्ष, मऊ पेन्सिलने, फार दाब न देता लिहून द्यावे; नावे सांगू शकणारे माणूस समोर बसलेले असते, तेव्हाच हे काम उरकून घ्यावे.