स्लायडरआधी ओळंबा

जळगाव-धुळे पट्ट्यात घरांच्या आतले फोटो काढायचं काम मी करतो. सुरुवातीला चोपड्याच्या एका नव्या बंगल्याचे फोटो घेऊन गेलो, तर मालक एकाच फोटोवर अडकले. "भाऊ, मन्ही भित वाकडी शे का?" भिंत अगदी ओळंब्यात होती, वाकडी माझ्या फोटोनं केली होती. आयुष्यभराची कमाई घातलेल्या घराबद्दल माणसाच्या मनात अशी शंका आपण पेरावी, हे मला फार लागलं. त्यानंतर फोटोतल्या वाकड्या रेषा सरळ करण्याचा हा विषय नीट शिकलो. या कामात नव्यानं येणाऱ्यांसाठी लिहितोय.

आधी दोष ओळखा. चौकट किंवा स्कर्टिंग पिंपासारखी बाहेर फुगलेली दिसते, तो लेन्सचा बाक. लाइटरूम या फोटो सुधारायच्या सॉफ्टवेअरमध्ये 'लेन्स करेक्शन्स'मधलं प्रोफाइल, म्हणजे तुमच्या लेन्ससाठीची तयार दुरुस्ती, चालू केलं की तो बहुतेक जातो. प्रोफाइल मिळालं नाही तर 'मॅन्युअल'मधला 'डिस्टॉर्शन' स्लायडर हळूहळू सरकवा आणि नजर फरशीच्या सांध्यावर ठेवा. मोबाइलच्या वाइड फोटोत फोननंच हा बाक बहुधा आधी काढलेला असतो. तिथे पुन्हा दुरुस्ती केली तर रेषा आत दबतात.

खरी मेहनत पुढे आहे. अख्खी खोली मावावी म्हणून आपण कॅमेरा थोडा खाली-वर झुकवतो आणि भिंती एकमेकींकडे कलतात. यात लेन्सचा काही दोष नाही. प्रोफाइल लावून झाल्यावरच 'ट्रान्सफॉर्म'मध्ये जा. 'ऑटो'वर माझा भरवसा नाही. पडद्याची चूण किंवा शोकेसची नक्षी त्याला फसवते. 'गाइडेड' घ्या, म्हणजे आपण ओढलेल्या रेषांवरून फोटो सरळ होतो. एक रेष डावीकडच्या चौकटीवर ओढा, दुसरी उजवीकडच्या कपाटाच्या कडेवर. चारपर्यंत रेषा ओढता येतात, पण चारही ओढायलाच हव्यात असं नाही. समोरासमोर भिंत घेतली असेल तरच आडवी रेष वापरा. कोपऱ्यातून फोटो काढला असेल तर आडव्या रेषा तिरक्याच असायला हव्यात; त्या ओढूनताणून सपाट केल्या की खोली मोडल्यासारखी दिसते. दुरुस्तीत कडा कापल्या जातात, म्हणून फोटो काढतानाच चारी बाजूंनी जागा सोडा. आणि ट्रायपॉड छातीच्या उंचीवर, कॅमेरा लेव्हलमध्ये ठेवला तर यातलं निम्मं काम उरतच नाही. मला हे कळायला वर्ष गेलं.

काठावरचा ताण मात्र प्रोफाइलनं जात नाही. सरळ रेषा सरळ ठेवणारी लेन्स कोपऱ्यातल्या गोल वस्तू ताणतेच. स्वयंपाकघराच्या कडेला ठेवलेली परात अंड्यासारखी होते, सोफा दीड माणूस जास्त बसेल असा लांबतो. फोटोशॉपच्या 'अ‍ॅडाप्टिव्ह वाइड अँगल' फिल्टरनं थोडं सावरतं. त्यापेक्षा परात मधे आणा, दारात मागे सरका आणि फुल फ्रेमवर (मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर) १६ एमएमऐवजी २४ एमएमची लेन्स वापरा. क्रॉप सेन्सर, म्हणजे लहान सेन्सर असेल, तर २४एवढंच दृश्य मिळायला १६च्या आसपास या. दहा बाय दहाची खोली हॉलएवढी दाखवणं मला पटत नाही. घर घ्यायला आलेला माणूस दारातच ओळखतो.

पैसे नसतील तर अडू नका. डार्कटेबल हे लाइटरूमसारखं सॉफ्टवेअर फुकट आहे आणि लेन्सची व कलाची दुरुस्ती दोन्ही त्यात होतात.

जुन्या घरात वेगळी काळजी घ्या. अमळनेरजवळ एका धाब्याच्या घरात सागवानी खांब खरोखरच झुकलेले होते. त्यांच्यावर रेष ओढली असती तर बाकीचं घर कललं असतं. गवंड्याकडून ओळंबा मागितला आणि फ्रेमच्या दोन्ही बाजूंना आळीपाळीनं दोरी सोडली. ट्रायपॉड न हलवता दोरीसह दोन फोटो काढले आणि शेवटी एक दोरीविना. दोरीचे दोन्ही फोटो फोटोशॉपमध्ये एकत्र करून त्यावर रेषा ओढल्या, किती दुरुस्ती लागते ते बघितलं आणि तेवढीच शेवटच्या फोटोला केली. चौकटी उभ्या राहिल्या. खांब झुकलेलेच आहेत, जसे त्या घरात आहेत.