जुन्या डेस्कटॉपवर बिटकॉइनचा नोड लवकर सिंक कसा करायचा

नोड म्हणजे बिटकॉइनचे सगळे व्यवहार उतरवून घेऊन स्वतः तपासणारं मशीन, आणि ते सगळं उतरवून-तपासून आजपर्यंत आणणं म्हणजे सिंक. ते लवकर व्हावं म्हणून प्रोसेसर बदलू नका. सांगलीत विश्रामबागला माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे आणि 'दादा, आय फाइव्ह आहे तरी बिटकॉइन कोअर (नोड चालवायचा प्रोग्राम) रांगतंय' म्हणत येणाऱ्या प्रत्येकाला मी पहिलं हेच सांगतो. परवा मार्केट यार्डातल्या एका हळदीच्या अडत दुकानातला पोरगा मशीन घेऊन आला. टास्क मॅनेजर उघडला तर सीपीयू जेमतेम पंधरा टक्के आणि डिस्क शंभरावर अडकलेली. म्हणजे प्रोसेसर रिकामा बसलाय, वाट बघतोय ती हार्डडिस्कची.

असं का होतं ते समजून घ्या, पुढचं सगळं सोपं जाईल. तुमचा नोड जानेवारी 2009 मधल्या पहिल्या ब्लॉकपासून (ब्लॉक म्हणजे व्यवहारांचा गठ्ठा) प्रत्येक व्यवहार तपासतो. एखाद्याने नाणं खर्च केलं, तर ते खरंच शिल्लक होतं का, हे नोडला बघावं लागतं. या शिल्लक नाण्यांची यादी 'चेनस्टेट' नावाच्या फोल्डरमध्ये असते. ती वाचताना डिस्कवर क्षणात इथे, क्षणात तिथे जावं लागतं आणि फिरत्या हार्डडिस्कला नेमकं तेच जमत नाही.

म्हणून चेनस्टेट एसएसडीवर हवं. त्याला मोठी एसएसडी लागत नाही, 240 जीबीची साधी साटा पुरते. ब्लॉक मात्र एकूण 600 जीबीच्या वर गेलेत. ते एकामागोमाग लिहिले जातात आणि पुन्हा फारसे वाचले जात नाहीत, त्यामुळे जुन्या 1 टीबी हार्डडिस्कवर खुशाल राहू द्या. बिटकॉइन कोअरच्या कॉन्फिगरेशन फाइलमध्ये 'ब्लॉक्सडिर' (blocksdir) ही सेटिंग देऊन हार्डडिस्कवरचं फोल्डर दाखवायचं. दुसरी डिस्कच नसेल तर प्रूनिंग चालू करा. डाउनलोड आणि तपासणी पूर्णच होते, फक्त तपासून झालेले जुने ब्लॉक पुसले जातात.

दुसरी गोष्ट रॅम. बिटकॉइन कोअरमध्ये सेटिंग्ज, ऑप्शन्स, मेन. तिथे 'साइज ऑफ डेटाबेस कॅशे' दिसेल, म्हणजे चेनस्टेटसाठी किती रॅम वापरायची तो आकडा. कित्येक वर्षं तिथे मुळात 450 एमबी असायचे. 8 जीबी रॅम असेल आणि सिंक होईपर्यंत मशीनवर दुसरं काही चालवणार नसाल, तर 4000 करा. 4 जीबी असेल तर हजाराच्या आसपास थांबा, नाहीतर विंडोज स्वॅप करायला, म्हणजे रॅममधलं डिस्कवर टाकायला लागेल आणि केलेलं पाण्यात जाईल. फरक बघायचा असेल तर डीबग लॉग, म्हणजे प्रोग्रामची नोंदवही, उघडून ठेवा. 'अपडेटटिप'च्या प्रत्येक ओळीच्या शेवटी कॅशेचा आकडा असतो. तो चढत जातो, मर्यादेला टेकला की सगळं डिस्कवर लिहिलं जातं आणि आकडा खाली येतो. हे जितकं कमी वेळा होईल तितकं काम पळतं.

पण इथेच आपल्याकडची लाईट आडवी येते. कॅशे मोठी ठेवली की बरंचसं काम रॅममध्येच असतं. वीज गेली की शेवटच्या लिखाणानंतरचे ब्लॉक परत तपासावे लागतात, आणि नशीब वाईट असेल तर डेटाबेसच बिघडतो. वळवाच्या दिवसांत यूपीएसशिवाय सिंक सुरूच करू नका. बंद करतानाही लॉगमध्ये 'शटडाउन डन' उमटल्याशिवाय बटणाला हात लावायचा नाही.

अँटिव्हायरसमधून डेटा फोल्डर वगळा. तो लिहिली जाणारी प्रत्येक फाइल चाळत बसतो. 2014 मध्ये तर ब्लॉकचेनमध्ये कुणीतरी जुन्या व्हायरसची खूण घातली होती आणि अँटिव्हायरस चांगल्या फाइललाच व्हायरस म्हणत होता. एसएसडी आल्यावर प्रोसेसरला खरं काम लागतं, मग तो तापतो. हीटसिंक काढून बघा: जुन्या मशीनमधली पेस्ट खडूसारखी कोरडी झालेली असते. नवी लावा, पंखा साफ करा. एप्रिलच्या सांगलीत याचा फरक लगेच कळतो.

बिटकॉइन कोअरमधली 'असूमव्हॅलिड' ही सेटिंग आहे तशी राहू द्या. त्यात एका ठरावीक ब्लॉकच्या आधीच्या फक्त सह्या तपासल्या जात नाहीत. नाणी, रकमा, दुबार खर्च सगळं तपासलं जातं. मात्र वेळ वाचवायला मित्राकडून चेनस्टेटचं फोल्डर पेनड्राइव्हवर आणू नका. ती यादी खरी की खोटी हे तुमचा नोड तपासणार नाही, आणि स्वतः तपासण्यासाठीच तर आपण नोड चालवतो. नोडमधून पैसे मिळत नाहीत; मायनिंग, म्हणजे नवे ब्लॉक बनवून नाणी कमावणं, ते वेगळं. मिळतील असं सांगून कुणी पैसे मागत असेल तर देऊ नका.

सिंक पूर्ण झालं की कॅशे परत मूळ आकड्यावर आणा आणि प्रोग्राम बंद करून चालू करा. मग त्याच मशीनवर टॅलीही निवांत चालेल.