भ्रमाची कादंबरी लिहिताय? या चुका टाळा

दुसऱ्याला स्वतःच्याच मनाविषयी शंका यायला लावणारा माणूस कादंबरीत आणायचा, तर एक मोह आधी आवरा. त्याला पहिल्याच प्रकरणात थंड डोळे आणि कुत्सित हसू देऊ नका. वाचक लगेच सावध होतो, नायिका मात्र पुढची दोनशे पानं फसत राहते आणि बावळट वाटू लागते.

तो माणूस वाचकालाही आवडायला हवा. समजा, कपाटाची किल्ली खिळ्यावर नाही. बायको घरभर शोधते. नवरा चिडत नाही. चहा टाकतो, स्वतः शोधायला लागतो आणि तिच्याच पर्समधून किल्ली काढून तिच्या हातावर ठेवतो. "अगं, होतं असं. झोप कुठे होतेय तुझी हल्ली!" यात एकही शब्द वावगा नाही. आठवड्याने हेच तो आईला काळजीने सांगतो, मग शेजारच्या काकूंना. आणि एक दिवस ती माहेरी फोनवर म्हणते, "माझ्या काही लक्षातच राहत नाही गं आई." हे वाक्य तिच्या तोंडी यायला शंभर पानं लागली तरी लागू द्या.

फसणारी व्यक्ती हुशार असली तरी चालते, किंबहुना असावीच. आठवण ही शब्दांनी वाकते. मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी 1974 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात विद्यार्थ्यांना मोटार अपघाताची फिल्म दाखवली. काहींना प्रश्न विचारताना गाड्या एकमेकींना 'धडकल्या' म्हटलं, काहींना जोरात 'आदळल्या'. आठवड्याने विचारलं, फुटलेली काच दिसली होती का? फिल्ममध्ये काच नव्हतीच. तरी 'आदळल्या' ऐकलेल्या 50 पैकी 16 जण हो म्हणाले, 'धडकल्या' ऐकलेल्या 50 पैकी 7. एका क्रियापदाने एवढं होतं, तर रोजच्या प्रेमळ बोलण्याने काय होईल!

भ्रमाला ठोस कारण न देणं ही चूक मला सर्वांत जास्त खटकते. दुसऱ्याला असं स्वतःच्याच मनाविषयी शंका यायला लावणं, म्हणजे 'गॅसलायटिंग', हा शब्द ज्या नाटकावरून आला, ते पॅट्रिक हॅमिल्टनचं 1938 चं 'गॅस लाइट' बघा. नवरा बायकोला वेडं ठरवण्यासाठी दिवे मुद्दाम मंद करतो, असं अनेकांना वाटतं. तसं नाही. तो चोरून वरच्या मजल्यावर दागिने शोधायला जातो, तिथला गॅसचा दिवा लावतो, म्हणून त्याच गॅसवर जळणारी खालच्या खोलीतली ज्योत मंदावते. म्हणजे तिला दिसतं ते खरंच असतं, आणि तेच पुढे त्याला पकडून देतं. तुमच्या कादंबरीतल्या प्रत्येक भासामागे असा एक 'वरचा मजला' हवा. तो सापडत नसेल तर तो भास काढून टाका.

'सगळं स्वप्न होतं' हा शेवट तर नकोच. तसंच स्किझोफ्रेनिया म्हणजे दुभंगलेलं व्यक्तिमत्त्व नव्हे. हे दोन वेगळे आजार आहेत. कथानकाची गाठ सुटावी म्हणून आजाराचं नाव वापरलं, की तो आजार खरोखर सोसणाऱ्या घरांवर अन्याय होतो.

निवेदक खोटं बोलत असेल, तर पहिला खर्डा झाल्यावर लाल पेन्सिल घेऊन बसा. रहस्य माहीत असलेल्या वाचकाच्या नजरेने त्याचं एकेक वाक्य तपासा. त्याने लपवलं असेल, अर्धवट सांगितलं असेल, स्वतःचीच समजूत घातली असेल, तर राहू द्या. पण त्याच्या खोटेपणाचा माग कुठेच लागत नसेल, तर तिथे खूण करा आणि ते पान पुन्हा लिहा.