ड्युटीवर सुई टोचली तर काय करायचं, आणि टोचूच नये म्हणून काय करायचं

मी तळकोकणात सतरा वर्षं स्टाफ नर्स आहे आणि हे लिहायला बसले ते सफाई करणाऱ्या एका मावशींमुळे. जुलैतली रात्र, बाहेर धो धो पाऊस, लाईट गेलेली, तेव्हा मी एका छोट्या खाजगी हॉस्पिटलात नाईटला होते. मावशी काळी पिशवी बांधत होत्या त्या एकदम हात झटकत आल्या, "सिस्टर, कायतरी टोचला गो." मोबाईलच्या टॉर्चमध्ये बघितलं तर ग्लोव्हजच्या आत बोटावर मोहरीएवढा रक्ताचा थेंब, आणि पिशवीत उघडी सुई, कोणत्या पेशंटची ते कळायला मार्गच नाही. ड्युटीवरचे डॉक्टर म्हणाले टीटी, म्हणजे धनुर्वाताचं इंजेक्शन द्या. मी टीटी दिलं आणि गप्प बसले. त्या रात्री मला जे माहीत असायला हवं होतं ते सांगते.

आधी रोग कुठले ते. हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी (दोन्ही लिव्हरचे रोग, काविळीचे प्रकार) आणि एचआयव्ही. सगळे घाबरतात एचआयव्हीला, पण बाधित माणसाची सुई टोचली तर एचआयव्ही होण्याची शक्यता ३०० मध्ये साधारण एक, सी ची १०० मध्ये दोन किंवा त्याहून कमी, आणि बी ची मात्र लस न घेतलेल्यांत १०० मध्ये ६ ते ३०. शिवाय बी चा विषाणू सुकलेल्या रक्तातसुद्धा सात दिवस टिकतो. आपल्याकडे कावीळ म्हटली की गावठी औषध आणि पथ्य सुरू होतं पण बी असलेल्या माणसाचे डोळे वर्षानुवर्षं पिवळे होत नाहीत आणि आतल्या आत लिव्हर खराब होत राहतं, त्यामुळे कोण बाधित हे तोंडाकडे बघून ओळखता येत नाही. म्हणून प्रत्येकाचं रक्त बाधित आहे असं धरूनच हात लावायचा, मग तो शेजारच्या वाडीतला ओळखीचा काका का असेना.

सुई टोचली की पहिल्यांदा हातातलं काम सोडा. नळाखाली साबण लावून नीट धुवा. बोट दाबून पिळून रक्त काढत बसू नका, तोंडात घालू नका (लहानपणापासूनची सवय असते, चटकन हात तोंडाकडे जातो), डेटॉल, स्पिरिट, हायपो (जंतू मारायचं ब्लीचसारखं पाणी) काही ओतू नका, त्याने आतली कातडी भाजते आणि फायदा काहीच नाही. डोळ्यात उडालं तर साध्या पाण्याने दहा मिनिटं धुवायचा, तोंडात गेलं तर थुंकून चुळा भरायच्या.

मग इन्चार्जना सांगा आणि वेळ लिहून ठेवा. वेळ महत्त्वाची, कारण एचआयव्ही होऊ नये म्हणून जे औषध असतं, ज्याला आम्ही पेप म्हणतो, ते शक्यतो दोन तासांत सुरू व्हायला हवं आणि ७२ तासांनंतर सुरू करून उपयोग नाही. कोर्स २८ दिवसांचा, एकही दिवस चुकवायचा नाही. प्रत्येक टोचण्याला ते लागतंच असं नाही, ते डॉक्टर ठरवतात, पण ठरवायला माणूस त्यांच्यापर्यंत वेळेत पोचला पाहिजे ना. ज्या पेशंटची सुई तो माहीत असेल तर त्याला विचारून, त्याच्या संमतीने त्याचं रक्त तपासायचं, आणि रिपोर्ट वॉर्डभर करायचा नाही. बी ची लस झालेली नसेल तर ती लगेच सुरू करतात, सोबत इम्युनोग्लोब्युलिनचं (बी विरुद्धच्या तयार अँटीबॉडीजचं) इंजेक्शन लागलं तर ते शक्यतो २४ तासांत. सी ला लस नाही, पण लवकर सापडला तर गोळ्यांनी बरा होतो आणि सरकारी कार्यक्रमात त्या फुकट मिळतात.

आता कोकणातला खरा प्रश्न, जायचं कुठे. आपल्याकडे खाडी ओलांडून, घाटी उतरून जिल्ह्याच्या गावी पोचेपर्यंतच दोन तास जातात, पावसात दरड आली तर विचारूच नका. म्हणून हे आजच करा, टोचायच्या आधी. तुमच्या जवळ पेप कुठे मिळतं, रात्री कॅज्युअल्टीत मिळतं का, तिथला फोन नंबर काय, एआरटी सेंटर (एचआयव्हीची औषधं देणारं केंद्र) कुठे, सगळं फोन करून विचारा, कागदावर मोठ्या अक्षरात लिहा आणि बेसिनच्या वरती चिकटवा. प्लास्टिकमध्ये घालून, नाहीतर आपल्या हवेत महिन्याभरात बुरशी धरते. १०९७ ही एड्सची टोल फ्री हेल्पलाईन आहे, तीही लिहा.

टोचू नये म्हणून माझा एकच हट्ट आहे, ज्याने सुई वापरली त्यानेच ती टाकायची. ट्रेमध्ये ठेवून "मावशी उचलतील" असं चालणार नाही. इंजेक्शन देऊन झालं की टोपण परत लावायचं नाही, बरेचदा टोपण लावतानाच टोचतं. तिथल्या तिथे नीडल कटरने कापून पांढऱ्या डब्यात. डबा पेशंटच्या जवळ न्यायचा, सुई हातात धरून डब्यापर्यंत चालत जायचं नाही. पाऊण भरला की सील, वरून दाबून जागा करायची नाही. काचेच्या व्हायल (इंजेक्शनच्या औषधाच्या बाटल्या) निळ्यात, सलाईनच्या नळ्या लाल पिशवीत, रक्ताचा कापूस पिवळ्यात. आणि कचरा उचलणाऱ्यांना तपासणीचे पातळ ग्लोव्हज देऊ नका, जाड रबरी द्या, पायात बूट द्या. पातळ ग्लोव्हजमधून सुई आरपार जाते, मी बघितलंय.

जमिनीवर रक्त सांडलं तर आधी पोछा मारायचा नाही, त्याने पसरतं. ग्लोव्हज घालून वर जुना पेपर टाका, त्यावर एक टक्का हायपो ओता, वीस-तीस मिनिटं राहू द्या, मग पुसा. कॅनवर पाच टक्के लिहिलं असेल तर एक भाग हायपोला चार भाग पाणी. रोज ताजं करायचं, कालचं चालत नाही.

लस म्हणजे बी चे तीन डोस, आज, एक महिन्याने, सहा महिन्यांनी, आणि शेवटच्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी टायटर (लस लागू पडली का ते दाखवणारा रक्तातला आकडा) तपासायचा, तो १० च्या वर हवा. बायोमेडिकल वेस्टचे २०१६ चे नियम सांगतात की कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला बी ची आणि धनुर्वाताची लस हॉस्पिटलनेच द्यायची. प्रत्येकाला म्हणजे कॉन्ट्रॅक्टवरच्या मावशींनाही. मागायला लाजू नका.

हे फक्त हॉस्पिटलचं नाही. सलूनमध्ये प्रत्येक गिऱ्हाईकाला नवीन ब्लेड, जत्रेत गोंदवणाऱ्याने प्रत्येकाला नवीन सुई. घरोघरी आता शुगरवाले आजी-आजोबा इन्सुलिन घेतात आणि सुया ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकतात, त्या घंटागाडीवाल्याच्या हाताला लागतात, तेव्हा जाड प्लास्टिकच्या बाटलीत साठवा, बूच घट्ट लावा आणि जवळच्या दवाखान्यात विचारून तिथे द्या. मासे कापणाऱ्या बायका मला विचारतात काटा लागला तर एड्स होतो का. माशाच्या रक्तातून यातला एकही रोग होत नाही, पण जखम धुवा, धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या, आणि एकीचं बोट कापलं तर तो कोयता साबणाने धुतल्याशिवाय दुसरीने घ्यायचा नाही.

त्या मावशींना मी चौथ्या दिवशी जिल्ह्याच्या गावी घेऊन गेले, वेळ निघून गेली होती, पेप सुरू झालं नाही, नुसती लस आणि तपासण्या. सहा आठवडे, तीन महिने, सहा महिने, तिन्ही वेळा रिपोर्ट चांगले आले. पण नंतर कळलं की त्या सहा महिन्यांत त्यांनी घरात आपलं ताट वेगळं मांडलं होतं आणि नातवाला मांडीवर घेतलं नव्हतं, कारण आमच्यातल्या कोणीच त्यांना सांगितलं नव्हतं की एकत्र जेवून, जवळ घेऊन, एक संडास वापरून यातलं काहीही पसरत नाही. तपासण्या पुऱ्या होईपर्यंत नवरा-बायकोत निरोध वापरायचा, रक्तदान करायचं नाही आणि दाढीचं ब्लेड, दात घासायचा ब्रश दुसऱ्याला द्यायचा नाही, एवढंच. टोचलेल्या माणसाला हे त्याच रात्री सांगा, हात धुऊन झाल्या झाल्या.