आठवड्याकडे मागे वळून कसं पाहावं

आठवड्याचा आढावा घ्यायला बसलं की बहुतेक जण आधी मनालाच विचारतात, "कसा गेला?" गडबड तिथेच होते. मन सगळे दिवस सारखे जपून ठेवत नाही. १९९३ साली मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला. लोकांनी एकदा ६० सेकंद खूप थंड पाण्यात हात बुडवला. दुसऱ्या खेपेला तेच ६० सेकंद, आणि वर आणखी ३० सेकंद किंचित कमी गार पाण्यात. पुन्हा करायचं झालं तर यातलं कोणतं निवडाल, असं विचारल्यावर बहुतेकांनी जास्त वेळचा त्रास निवडला, कारण त्याचा शेवट जरा बरा होता. आठवड्याचंही असंच होतं. गुरुवारची ऑफिसातली कटकट आणि रविवार संध्याकाळचा मूड, एवढ्यावरच आपण सातही दिवसांचा निकाल लावतो.

म्हणून आधी खुणा गोळा करा, मत नंतर.

वेळ ठरवा. रविवारी सकाळी अर्धा तास पुरे. नागपुरात रविवार सकाळ तर्री-पोह्यांची असते, त्यानंतर लगेच बसावं. रविवारची रात्र मात्र टाळा, तेव्हा सोमवार डोक्यात शिरलेला असतो. मे महिन्यात तर ऊन तापायच्या आधी, सात-साडेसातच्या आतच उरका. दुकान असेल तर सुट्टीचा जो दिवस असेल तो घ्या.

वही आणि मोबाइल घेऊन बसा. फोनमधले फोटो, केलेले कॉल, यूपीआयच्या नोंदी, किराण्याची यादी, दुधाच्या खुणा केलेलं भिंतीवरचं कॅलेंडर, सगळं चाळा. मग प्रत्येक वाराखाली दोन-तीन ओळी लिहा. विशेषणं नकोत. "वाईट दिवस" असं लिहू नका, काय घडलं ते लिहा:

मंगळवार: बर्डीवरून आईचे डोळ्यांचे ड्रॉप्स आणले. घरी साडेआठ. हार्मोनियम उघडलं नाही.
गुरुवार: पाऊस. अंबाझरीला जाणं रद्द. मुलीला भागाकार शिकवला.

गुरुवार आठवणीत "फिरणं बुडालं" एवढाच राहिला असता. कागदावर मात्र भागाकारही दिसतो. या पायरीला सगळ्यात जास्त वेळ द्या. जे घडलं नाही तेही लिहा, पण कारणासकट: वेळ नव्हता, अंगात त्राण नव्हतं, की इच्छाच झाली नाही? तिन्हींचे उपाय वेगळे आहेत. दमलेल्या माणसाला नवं वेळापत्रक नको असतं, झोप हवी असते.

छंदाकडे पाहताना ऋतू लक्षात घ्या. विदर्भात हे विसरून चालत नाही. गोरेवाड्याच्या तलावावर हिवाळी पाहुणे पक्षी बघायला जाणाऱ्यानं मे महिन्यात "पक्षीनिरीक्षण सुटलं" म्हणून खट्टू का व्हावं? पारा ४५ अंशांवर गेल्यावर गच्चीवरच्या बागेत फुलं येण्याची वाट पाहायची नसते. हिरव्या जाळीखाली तुळस आणि मोगरा जगले, तर त्या आठवड्याचं बागकाम झालं. नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांत, कूलरसमोर बसून पुस्तकाची वीस पानं वाचली तरी ती मोजा. आणि छंदाला टार्गेट लावू नका. ऑफिसात टार्गेट असतंच, ते घरी आणून पेटीवर ठेवण्यात मला अर्थ वाटत नाही.

आता घरातल्या एकाला विचारा. "आजी, या आठवड्यात तुले काय आवडलं?" आजी कदाचित म्हणेल, "बुधवारी तू माह्यापाशी बसला होता थे." तुमच्या वहीत बुधवार कोरा असेल. ती ओळ तिच्याच शब्दांत लिहून ठेवा.

स्वतःतल्या बदलासाठी एकच प्रश्न पुरतो: या आठवड्यात मी नेहमीपेक्षा वेगळं कुठे वागलो? चिडायच्या जागी थांबलो, नाही म्हणायचं तिथे नाही म्हटलं, न येणारी गोष्ट कोणाला तरी विचारली. काहीच सापडलं नाही तर जागा रिकामी सोडा. आजारपणाच्या किंवा दुःखाच्या आठवड्यातून शिकवण काढायचा आग्रह धरू नका, नुसत्या नोंदी पुरे. बरेच आठवडे कशातच मन लागत नसेल, झोप उडाली असेल, तर वही बाजूला ठेवून डॉक्टरांशी बोला. टेली-मानस ही सरकारी हेल्पलाइन १४४१६ वर आहे.

शेवटी पुढच्या आठवड्यासाठी एकच बदल निवडा, पण वार, वेळ आणि जागेसकट. "व्यायाम करीन" नाही, "शुक्रवारी सकाळी साडेपाचला सेमिनरी हिल्सचा चढ. पाऊस असला तर घरीच सूर्यनमस्कार." मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी अशा जर-तरच्या ठरावांचा बराच अभ्यास केला आहे. नुसत्या इच्छेपेक्षा असे ठराव पाळले जाण्याची शक्यता जास्त असते.

एखादा रविवार चुकला तर मागचं भरत बसू नका, चालू आठवड्यापासून लिहा. महिन्यातून एकदा सगळी पानं सलग वाचा. "घरी साडेआठ, हार्मोनियम नाही" हीच ओळ दर पानावर दिसली, तर सुटीतल्या निश्चयानं ती बदलणार नाही. ट्यूशनची ने-आण, स्वयंपाक, बाजार यांची वाटणी घरच्यांसोबत बसून नव्यानं करावी लागेल. ते बोलणं कोणत्या वारी करायचं, ते त्याच पानावर लिहा.